अंक कोणाच्या घरी जाणार?

उरण,
आषाढ

चि. बाय,


तुझं टिपण पोचलं, सावकाश वाचलं. कॉलेजातल्या प्रकल्पासाठी कागदावर मांडलेलं संगीताचं मासिक तुला आता खरोखर काढायचं आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. पानं किती, कागद कोणता, छपाईला काय पडेल, सगळं नीट लिहिलं आहेस. फक्त 'टार्गेट ऑडियन्स'च्या रकान्यात 'सर्व वयोगटांतील संगीतप्रेमी' एवढंच लिहून पुढे गेली आहेस. हे पत्र त्याबद्दलच आहे. तुझ्या आत्याआजीनं जन्मभर पेटी शिकवली, मासिकं वाचली, मुलींच्या हातात दिली. त्यावरून जे कळलं ते तुला सांगायला हवं.

सर्व संगीतप्रेमींसाठी निघालेली मासिकं असतील, पण त्यांतलं दीर्घकाळ चाललेलं माझ्या पाहण्यात नाही. जी चालली त्यांच्या संपादकाला आपला वाचक माहीत होता. तो गातो की ऐकतो, परीक्षा देतो की रेकॉर्डी जमवतो, कुठल्या गावी राहतो, त्याला महिन्याकाठी काय अडतं, हे माहीत होतं. काही वेळा तर वाचक आधी घडवावा लागला आणि मासिक मागून आलं.

विष्णु दिगंबर पलुसकरांचंच बघ. कुरुंदवाडला जन्मलेला आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला हा गवई 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडतो. तोवर गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ती सेवा करायची आणि गुरू देईल तेव्हा, देईल तेवढं घ्यायचं. पलुसकरांनी वर्ग लावले, अभ्यासक्रम आखला, परीक्षा ठेवल्या. वर्ग आला की पुस्तक लागतं, पुस्तक आलं की स्वर कागदावर उतरवायची खूण लागते. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तकं छापली, त्यासाठी छापखानाही उभारला आणि 1905 च्या सुमारास 'संगीतामृतप्रवाह' हे मासिक काढलं. मासिक हिंदीत होतं. पंजाबातल्या घरांत जायचं तर मराठीचा उपयोग नव्हता, आणि या मराठी माणसानं तो हट्ट धरला नाही. आत शिकण्याच्या चिजा स्वरलिपीसह असत, विद्यालयाची हालहवाल असे. त्याआधी दहा वर्षं ते निघालं असतं तर वाचणार कोण होतं? संध्याकाळी पेटी पुढ्यात घेऊन बसणारा नोकरदार माणूस विद्यालयानं तयार केला, आणि मग त्याच्या घरी अंक गेला. पुढे विद्यालय मुंबईला आलं, कर्ज झालं, कर्जापायी इमारतही हातची गेली. पण शिकणाऱ्यांचा जो वर्ग उभा राहिला होता, तो कोणाला जप्त करता आला नाही.

पलुसकर 1931 साली गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या मंडळाच्या परीक्षांपैकी काही तुझ्या आईनंही दिल्या आहेत, तिला विचार. मंडळाचं एक कार्यालय मिरजेला, दुसरं आपल्या खाडीपलीकडे वाशीत. या मंडळानं देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला 'संगीत कला विहार' सुरू केलं आणि संपादन प्रा. बी. आर. देवधरांकडे आलं. देवधर पलुसकरांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांचं 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' होतं, कुमार गंधर्व तिथेच वाढले.

आता या मासिकाचा वाचक कोण होता ते नीट बघ, कारण मी त्यांपैकीच एक होते. तालुक्याच्या गावी पेटी-तबल्याचा वर्ग चालवणारा शिक्षक, आणि त्याच्याकडून परीक्षेला बसणारी मुलं. आपल्या उरणला तेव्हा लोकल नव्हती. मुंबई गाठायची तर मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जायचं, नाहीतर एस.टी.नं पनवेलकडून वळसा घालायचा. मैफल रात्री सुरू होणार आणि पहाटे संपणार, बाईमाणसानं परतायचं कसं? मोठे गवई आम्हांला रेडिओवर ऐकू येत, पण त्यांनी अमुक रागात तमुक स्वर असा का लावला, त्यांचे गुरू कोण, त्यांची मतं काय, हे विचारायला जवळ कोणी नव्हतं. ती उणीव पोस्टमन भरून काढायचा. अंकात रागांची चर्चा असे, बंदिशी स्वरलिपीसह असत, परीक्षांच्या सूचना असत. देवधरांनी गवयांवर जे लेख लिहिले, ते पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आले. ते तू वाचच.

त्या लेखांत संपादकाचं कसब कसं आहे सांगते. परीक्षेच्या लेखी पेपरात 'अमुक गायकाचं चरित्र लिहा' असा प्रश्न हमखास असतो. मुलं गाइडातून जन्म, मृत्यू, घराणं पाठ करतात आणि लिहून मोकळी होतात. देवधरांनी त्याच गरजेला हात घातला आणि रहिमतखाँ, अल्लादियाखाँ, सिंदेखाँ ही माणसं हाडामांसाची करून दाखवली. सिंदेखाँसारखा विक्षिप्त, फाटका, पण विद्येनं भरलेला गवई कोणत्या गाइडात सापडणार? मुलगी परीक्षेसाठी अंक उघडायची आणि गाण्याच्या ओढीनं तासभर वाचत बसायची. वाचकाची निकड ओळखून त्याला निकडीपेक्षा थोडं जास्त द्यायचं, हे मी त्यांच्याकडून पाहिलं. माझ्या वर्गात अंक फिरून फिरून पानं सुटायची, मग आम्ही ती सुईदोऱ्यानं शिवायचो.

वाचकाची निकड अशीच ओळखणाऱ्या एका दुकानाची गोष्ट उत्तर प्रदेशातल्या हाथरसची. हिंदीतले हास्यकवी काका हाथरसी तुला ऐकून माहीत असतील. त्यांचं खरं नाव प्रभुलाल गर्ग. त्यांनी 1932 साली 'संगीत कार्यालय' काढलं. पेटी, तबला, बासरी घरच्या घरी शिकवणारं 'म्युझिक मास्टर' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक. 1935 पासून 'संगीत' मासिक सुरू झालं. माझ्या ओळखीचे काही गवई हाथरसचं नाव निघालं की नाक मुरडायचे. पुस्तकातून का कोणी गाणं शिकतं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं अर्धं खरं आहे. पण बाय, ज्याच्या गावात गुरूच नाही त्यानं काय करायचं? हिंदुस्थानभर अशी हजारो गावं होती. रेल्वेत कारकून असलेला, खांडव्याच्या नाहीतर भुसावळच्या क्वार्टरमध्ये पेटी घेऊन बसलेला माणूस हाथरसवाल्यांनी वाचक म्हणून धरला. त्याला सिनेमातली चाल हवी होती, तीही छापून दिली. आणि त्याच कार्यालयानं संगीतपंडित भातखंड्यांच्या मराठी 'क्रमिक पुस्तकमालिके'चा हिंदी अवतारही काढला, त्यामुळे भातखंडे उत्तरेत घराघरांत गेले. दरसाल जानेवारीत एकाच विषयाचा जाडजूड विशेषांक असे. वर्गणीदार तो जपून ठेवायचे. आपल्या मराठी पंडितांचं काम मराठी मुलखाबाहेर पोचवलं ते हाथरसच्या एका दुकानानं, हे मी नेहमी अभिमानानं आणि थोड्या हळहळीनंही सांगते. हळहळ अशासाठी की, असं दुकान आपल्याकडे का झालं नाही?

त्याचं एक कारण मला दिसतं. मराठीत संगीतावर लिहिणं भरपूर झालं, उत्तम झालं, पण ते बहुतेक सर्वसाधारण नियतकालिकांतून. केशवराव भोळे 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' नावानं गायकांवर लिहायचे. हेच भोळे पुढे प्रभातच्या 'संत तुकाराम'चे संगीतकार. त्यांचं लिखाण वाचणारा माणूस नाटकाला जाणारा, मैफलीला बसणारा, वर्तमानपत्र घेणारा होता. त्यानं स्वतः गावं अशी अपेक्षा नव्हती, त्यानं जाणतेपणानं ऐकावं एवढी होती. पुढे दिवाळी अंकांनीही तेच केलं. कथा, कविता, राजकारण आणि मध्ये एक लेख गवयावर. चांगलंच झालं ते, संगीत घरातल्या सगळ्यांच्या वाचनात आलं. पण ऐकणाऱ्याला त्याच्या वाट्याचं तिथे मिळून गेलं आणि स्वतंत्र संगीत मासिकाकडे फक्त शिकणारा उरला. तुला मासिक काढायचं तर ही वाटणी आधी ध्यानात घे. रसिकाला वाचायला द्यायचं काम मराठीत आधीच कोणीतरी करत आलं आहे.

वाचणारा एक आणि पैसा दुसऱ्याचा, असंही पुष्कळदा असतं. लंडनचं 'मेलडी मेकर' 1926 साली निघालं ते लॉरेन्स राइट या माणसानं काढलं. त्याचा धंदा गाण्यांची छापील स्वरपत्रकं विकण्याचा. नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवणारे लोक हा त्याचा वाचक, कारण तेच त्याची पत्रकं विकत घेणार आणि वाजवून गाजवणार. आपल्याकडे मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै 1927 मध्ये सुरू झालं, आणि त्याच महिन्यात 'इंडियन रेडिओ टाइम्स' हे कार्यक्रमपत्रिकेचं पाक्षिकही आलं. 1935 च्या अखेरीस त्याचं नाव 'इंडियन लिसनर' झालं, 1958 पासून 'आकाशवाणी'. ते इंग्रजीत होतं. रेडिओ घेऊन त्याचं लायसन्स काढणारं घर त्या काळी कोणतं, याचा विचार केलास की भाषा इंग्रजी का ते कळेल. त्या पाक्षिकात हिराबाई बडोदेकरांच्या गाण्याची वेळ छापलेली असे, पण हिराबाईंना चाळीच्या जिन्यात उभं राहून ऐकणारी बाई त्याची वाचक नव्हती. ग्रामोफोन कंपन्यांची सूचीपत्रकं मात्र मराठीतही निघत. तबकडी विकायची होती ना! कोणाच्या खिशातून अंक निघतो आणि कोणाच्या हातात पडतो, हे दोन्ही बघत जा. त्यावरून आत काय असेल आणि काय नसेल, याचा बराच अंदाज येतो.

'सर्वांसाठी'चं काय होतं, त्याचंही उदाहरण इंग्लंडमधलंच देते. 'एनएमई' हे साप्ताहिक 1952 साली निघालं. विक्रीवरून गाण्यांची क्रमवारी छापायला त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरुवात केली. पुढे अनेक वर्षं नव्या, बंडखोर बँडवेड्या तरुणांचं ते पत्र होतं, तिथे कोणाला उचलून धरतात नि कोणाला झोडतात यावर भांडणं व्हायची. सप्टेंबर 2015 मध्ये ते फुकट वाटायला लागले, स्टेशनात येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात. अंक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त छापला जाऊ लागला. मार्च 2018 मध्ये छापील साप्ताहिक बंद झालं. छपाईचा वाढता खर्च आणि जाहिरातींची मंदी ही कारणं त्यांनी दिली, ती खरी असणारच. पण माझ्या मते जो अंक कोणीही घ्यावा असा झाला, त्याची वाट पाहणारं कोणी राहिलं नाही.

उलट थोड्या लोकांचा अंक किती जीव धरून असतो बघ. मुंबईत 1990 साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिच्या संस्थापकांपैकी. त्यांचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे पत्र. त्यात तबकडीचा क्रमांक, कोणत्या साली कोणी काय गायलं, लेबलचा रंग कोणता, असल्या याद्या. बाहेरच्याला कंटाळा येईल. पण ज्याच्याकडे बाजारातून उचललेली, नाव पुसट झालेली तबकडी आहे त्याला ती यादी सोन्यासारखी. कानपूरला हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वेड्यांसाठी 'लिसनर्स बुलेटिन' असंच चालवलं, आणि त्या नादातून 'हिंदी फिल्म गीत कोश' उभा राहिला. अंक मोठ्या शहरातूनच निघायला हवा असंही नाही. इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या कॉलेजातल्या मुलांचं 'रॉक स्ट्रीट जर्नल' 1993 साली अमित सैगल यांनी काढलं ते अलाहाबादहून. मुंबई-बंगळुरूच्या पोरांना ते अंक हवेसे वाटायचे. कारण देशभर विखुरलेल्या बँडांना एकमेकांची खबर तिथेच मिळायची.

आता उरणकडे येते. तुझ्या टिपणात मुलाखतींसाठी मोठमोठ्या शास्त्रीय गायकांची आणि सिनेमाच्या संगीतकारांची नावं आहेत. ती माणसं थोर आहेत, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या करंजा, केगाव, नागाव, जासई, चिरनेर, मोरा या गावांत गाणं-वाजवणं करणारी माणसं किती आहेत, याचा विचार केलास का? हळदीच्या रात्री, गणपतीत, शिमग्याला, पालखीला जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातली पोरं. संगीत भजनाचे बुवा, पखवाजवाले, टाळकरी. आणि लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणी. यांतल्या कोणालाही आजवर कोणत्याही संगीत मासिकानं आपला वाचक म्हणून धरलेलं मी पाहिलं नाही. 'संगीत कला विहार'चं माझ्यावर ऋण आहे, पण ते परीक्षा देणाऱ्यांसाठी होतं. बेंजो वाजवणारा परीक्षेला बसत नाही. रसिकांच्या दिवाळी अंकांत त्याचं नाव येत नाही. कॅसेटच्या काळात आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटी गावोगाव वाजल्या, पण त्यांच्या वेष्टनावरच्या चार ओळी सोडल्या तर त्या कलावंतांबद्दल छापलेलं दुसरं काही हाती लागत नाही.

मला विचारशील तर तुझा वाचक हा: वाजवणारा. रायगड, ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईचे कोळीवाडे या पट्ट्यात बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी ढोल, ट्रम्पेट वाजवून निम्मा संसार चालवणारा माणूस. आपल्या बाजूला तो दिवसा बंदरालगतच्या कंटेनर यार्डात कामाला असतो आणि लगीनसराईत रात्री वाजवतो. त्याला गोष्टी वाचायला वेळ नाही असं समजू नकोस. वेळ सगळ्यांना असतो, त्याच्या कामाचं कोणी लिहीत नाही.

त्याचं वाद्य घे. त्याला आपण बेंजो म्हणतो, तोच बुलबुल तरंग. हा आला जपानमधून. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' तयार केला, टंकयंत्रासारख्या पट्ट्या दाबून तारा छेडायचा. तो फिरत फिरत हिंदुस्थानात आला, घराघरांतल्या मुलांचं खेळणं झाला, आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून, अँप्लिफायरला जोडून हळदीच्या मांडवाचा राजा केला. हा केवढा मोठा प्रवास आहे! सतारीच्या, सारंगीच्या इतिहासावर ग्रंथ आहेत. बेंजो वाजवणाऱ्या पोराला मात्र आपलं वाद्य कुठून आलं ते सांगणारं त्याच्या भाषेत कोणी नाही. पहिल्या अंकात हे दे. सोबत तारा कोणत्या गेजच्या घ्याव्यात, पट्टीचं स्प्रिंग बसकं झालं तर काय करावं, पिकअपची गुणगुण कशी घालवावी, हेही दे. त्यासाठी पुस्तकी माणूस शोधू नकोस, पनवेलला आणि पेणला दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, त्यांच्या शेजारी बसून लिहून घे.

स्वरलिपीचा प्रश्न येईल. पलुसकरांची स्वरलिपी बारकाव्याची होती, भातखंड्यांची सोपी होती, आणि भातखंड्यांची जास्त चालली. छापायला सोपी आणि वाचायला सोपी, हा तिचा मोठा गुण. पण तुझ्या वाचकाला यांतली कोणतीच येत नसेल. माझ्याकडे काही दिवस येणारी बेंजोवाली मुलं पट्टीचे आकडे सांगून एकमेकांना चाल दाखवायची. मग तू आकड्यांतच छाप, खाली बारीक अक्षरांत सारेगम दे. वर्षभरात दुसरी ओळही वाचायला लागतील. शिवाय पलुसकरांना आणि देवधरांना जे शक्य नव्हतं ते तुला आहे. पानावर क्यूआर कोड छापलास की चाल ऐकूही येईल.

त्याला कायद्याचं हवं आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण कोणत्या दिवशी सूट मिळते, परवानगी कोण देतं, पोलीस आले तर कागद कोणता दाखवायचा, हे पार्टीच्या म्होरक्यालाच तेवढं कळतं. गीत लिहिणाऱ्यांचं त्याहून वाईट. आपल्या भागातल्या कितीतरी गीतकारांनी कॅसेटच्या जमान्यात एकदाच काय ते पैसे घेऊन गाणी दिली. आज तीच गाणी यूट्यूबवर लाखो वेळा वाजतात. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला आधार मिळाला. मुंबईत 1969 पासून 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' आहे, गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात. हे करंज्याच्या किंवा जासईच्या गीतकाराला त्याच्या बोलीत, अर्ज कसा भरायचा इथपर्यंत सांगितलंस, तर तुझ्या अंकाला वर्गणी मागावी लागणार नाही, ते स्वतः आणून देतील.

धवलारणींचं पान या वाजवणाऱ्यांसाठीच ठेव. हे तुला विचित्र वाटेल. पण हल्लीची हळदीची गाणी बांधणारी पोरं चाली कुठून आणतात? अर्ध्या सिनेमातून आणि अर्ध्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या. आगरी समाजात पूर्वी लग्न लावायची तीच मुळी धवलारीण, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. त्या चालींचा साठा आता मोजक्या म्हाताऱ्या बायांपाशी आहे. त्यांच्याकडून घेशील तेव्हा त्यांची परवानगी घे, नाव छाप, आणि मानधन दे. लोकगीत म्हणजे कोणाचंच नाही असं समजून उचलायची रीत पडली आहे, ती तू पाळू नकोस. ज्या बाईनं गाऊन दाखवलं तिचं नाव चालीखाली आलंच पाहिजे. यावर मी अडून बसणार आहे.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी माणसागणिक मागू नकोस, पार्टीगणिक माग. एका बेंजो पार्टीत दहा-पंधरा जण असतात, अंक एक घेतील आणि सगळे वाचतील, चालू दे. भजनी मंडळांचंही तसंच. जाहिराती वाद्यांच्या दुकानदारांच्या, साउंड भाड्यानं देणाऱ्यांच्या, मंडपवाल्यांच्या घे, कारण तुझा वाचक त्यांचं खरं गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे लगेच दुसऱ्या जाहिराती धावत येतील, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या. आतल्या पानावर एखादी घेतलीस तर माझी हरकत नाही, पण मुखपृष्ठाच्या आतबाहेर आणि मलपृष्ठावर नको. तिथे एकदा फोटो गेला की पुढच्या महिन्यात दुसऱ्या पक्षाचा फोटो मागे लागतो आणि वाजवणाऱ्याला वाटतं, हा आपला अंक नव्हेच. नोंदणीचं आधी कर. 1867 चा जुना कायदा जाऊन 2023 चा नवा आला आहे, आता शीर्षकासाठीही ऑनलाइन अर्ज होतो. आणि दर महिन्याला काढायचा हट्ट नको. वर्षाला तीन अंक पुरेत. एक गणपतीच्या सरावाआधी, एक तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होताना, एक शिमग्याआधी. तुझ्या वाचकाचं वर्ष असंच चालतं.

तू म्हणशील, मग शास्त्रीय संगीत सोडूनच द्यायचं? नाही गं. बेंजोवाल्याला भूप रागाची ओळख करून दे, कारण त्याच्या कितीतरी चाली भूपाच्या अंगानं जाणाऱ्या आहेत आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. भजनी बुवाला 'काळी चार'च्या उंच पट्टीत गळा ताणायला लागतो तेव्हा आवाज कसा राखावा, हे एखाद्या गायिकेकडून लिहून घे. देवधरांनी केलं तेच, त्याची गरज पुरी करता करता थोडं पुढचं.

आता काम सांगते. येत्या शनिवारी नेरूळहून उरण लोकलनं ये. गणपतीच्या सरावाला केगावच्या मुलांची पार्टी संध्याकाळी जमते, दहाच्या आत आवरतात. मी त्यांच्या म्होरक्याशी बोलून ठेवलं आहे. गेल्या गेल्या मासिकाची कल्पना सांगत बसू नकोस, नमुना अंकही काढू नकोस. आधी त्यांचं वाजवणं ऐक. मग प्रत्येकाला एकच विचार, गेल्या वर्षभरात वाजवताना किंवा सुपारी घेताना कोणती गोष्ट माहीत नव्हती म्हणून अडलं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. रविवारी सकाळी आपल्याला नागावला धवलारणीकडे जायचं आहे. त्या लवकर उठतात, नऊनंतर शेताकडे निघून जातात, तेव्हा रात्री गप्पांत फार जागू नकोस. रेकॉर्डिंगसाठी तुझा फोन पूर्ण चार्ज करून आण, आणि मानधनाची पाकिटं मी करून ठेवते, त्याचा हिशेब पहिल्या अंकाच्या खर्चात धर.

तुझी,
आत्याआजी